बिनशिंगाचं घुबड

अंजूची मुलगी सात महिन्यांची झाली, पण तिला स्वतःचं नाव माहीत नव्हतं. ते होतं उज्ज्वला, आणि बारशानंतर कुणी उच्चारलंच नव्हतं. आसेगावजवळच्या त्यांच्या वांग्याच्या मळ्यात घर, दारापुढे आंबा आणि आंब्यावर घुबड. घुबडाने बाळाचं नाव ऐकलं की ते घोकत बसतं आणि बाळ वाळत जातं, असं अंजूच्या सासूबाई कस्तुराबाई मानतात. म्हणून पोरीला सगळे ‘धोंडी’ म्हणत.

“सपना, तू पाखरांचं शिकली ना? सासूबाईले समजाव,” अंजू म्हणाली. “मले माह्या पोरीले नावानं बोलवाचं हाय.”

मी शेजारचीच, प्राणिशास्त्राची एम.एस्सी. सकाळी दुर्बीण घेऊन मळ्यात गेले.

“काकू, घुबड कुणाचं नाव घेत नाही.”

“तुले काय मालूम? शिंगवालं घेते. बिनशिंगाचं गरीब रायते. हे शिंगवालंच हाय.”

म्हणजे काकूंचंही वर्गीकरण होतं, आणि खूण आमचीच! डोक्यावर पिसांचे दोन तुरे दिसले तर शृंगी घुबड. डोकं गोल, डोळे काळेभोर असले तर वनघुबड. मी दुर्बीण त्यांच्या हातात दिली.

“काई दिसत नाई. नुस्तं साल.”

“बेचक्यात पाहा.”

त्यांनी दुर्बीण बेचक्याकडे वळवली. “अवं, हे तं गोल हाय! तोंडावर पाण्यात खडा टाकल्यावानी वर्तुळं.”

“शिंगं?”

“नाईत वं. डोळेबी वासरावानी.”

शिंगवालंही नाव घेत नाही, हे पुन्हा सांगावंसं वाटलं. अंजूचा चेहरा पाहिला आणि गप्प बसले.

कस्तुराबाईंनी दुर्बीण मला परत दिली. बाळाच्या झोळीशी जाऊन हलकेच म्हणाल्या, “उज्ज्वला.”

मी दुर्बिणीतून पाहत होते. घुबडाने मान आमच्याकडे वळवली. “काय करून राह्यलं?” त्यांनी विचारलं.

“डोळे मिटले.”

“मंग तू म्हण,” त्या सुनेला म्हणाल्या.

अंजूने एवढ्या मोठ्यांदा हाक मारली की बाळ दचकून रडायला लागलं.

“हळू वं! तिले नवं हाय थे,” कस्तुराबाई ओरडल्या. नातीला खांद्यावर घेऊन, तिची पाठ थोपटत, त्या तेच नाव पुन्हा पुन्हा म्हणत राहिल्या.