किल्ली काढल्यावरचा करंट

गाडीत नंतर बसवलेल्या वस्तूंचा मला मनापासून राग आहे. कंपनीने विचार करून ओढलेल्या वायरी दुकानवाले कापतात, दोन पिळे देतात, वर काळी टेप गुंडाळतात आणि मग ती गाडी माझ्या दारात येते. भंडारा रोडवर माझं ऑटो इलेक्ट्रिकचं गॅरेज आहे. माझी निम्मी चूल असल्या टेपांवरच पेटते, तरी राग येतो तो येतोच.

नत्थूजी आणि शोभाताई आले तेव्हाही आला. मौद्याकडच्या खेड्यातलं हे शेतकरी जोडपं. नत्थूजींच्या किडन्या निकामी झालेल्या, आठवड्यातून दोनदा पहाटे नागपूरला डायलिसिस. त्यासाठीच शोभाताई या वयात गाडी शिकल्या. आणि तीच गाडी दोनदा ऐन पहाटे चालू झाली नाही. दुसऱ्या वेळी शेजाऱ्याची गाडी मिळेपर्यंत दवाखान्यात नत्थूजींचं मशीन दुसऱ्या पेशंटला देऊन टाकलं होतं. पुढची पाळी येईतो नत्थूजींच्या छातीत पाणी भरलं.

"बॅटरी तं नवीच हाये, अमोलभाऊ," खुर्चीवर टेकत नत्थूजी म्हणाले. त्यांचे पाय सुजून चपलेबाहेर आले होते. "मंग काहून उतरते? उद्या पाहाटे पुन्हा जायचं हाये."

त्यांच्या मुलीने हौसेने गाडीत मोठी स्क्रीन, मागचा कॅमेरा आणि फॉग लाइट बसवून दिले होते. मी तिथेच निकाल देऊन टाकला. चोर स्क्रीनच.

तरी तपासणं भाग होतं. बॅटरी चार्ज केली, किल्ली काढली, दारं लावली आणि मीटर मधे जोडला. गाडी बंद केल्यावर तिच्या आतली यंत्रं एकेक करून झोपी जातात, तोवर दम धरावा लागतो. त्यानंतर मीटरवरचा आकडा जवळजवळ शून्यावर यायला हवा. तो अर्ध्या अँपिअरच्या खाली यायला तयार नव्हता. किल्ली काढल्यावरही कोणीतरी बॅटरी पीत बसलं होतं.

मी एकेक फ्यूज काढून पाहू लागलो. ज्याच्या काढण्याने आकडा पडेल तो चोर. स्क्रीनचा काढला, आकडा हलला नाही. कॅमेऱ्याचा, फॉग लाइटचा, सगळे काढले. आकडा तिथेच. खरं सांगायचं तर माझी निराशाच झाली. म्हणजे हा करंट फ्यूजांच्या डब्यातून जातच नव्हता, थेट बॅटरीवरून चालला होता.

शोभाताई मघापासून डाव्या दाराशी उभ्या होत्या, तोंडावर पदर धरून. मी दोनदा बाजूला व्हायला सांगितलं, तेव्हा जराशा सरकल्या.

बॅटरीच्या क्लॅम्पखाली मला एक बारीक लाल वायर सापडली. घरात वापरतात तसली. ती कार्पेटखालून डाव्या सीटखाली गेली होती, आणि तिथे छोटा इन्व्हर्टर होता, हाताला गरम लागणारा.

"कोण्या गाढवानं केलं हे?" मी ओरडलो. "घरची वायर गाडीत? आग लागली असती ना!"

इन्व्हर्टरमधून निघालेली वायर डॅशबोर्डच्या कप्प्यात शिरत होती. मी कप्पा उघडायला गेलो तर शोभाताईंनी त्यावर हात ठेवला.

"ते राहू द्या, भाऊ."

"काकू, हात काढा."

त्यांनी हात काढला नाही. मग स्वतःच कप्पा उघडला. आत महाराजांची छोटी तसबीर, सुकलेली झेंडूची फुलं, आणि पुढे एक झीरोचा बल्ब. जळत असलेला.

मग त्यांनी सगळं सांगितलं. उन्हाळ्यात एका रात्री नत्थूजींचा श्वास अडला होता. शोभाताईंनी याच गाडीतून त्यांना दवाखान्यात आणलं आणि ते वाचले. तेव्हाच त्या मनात बोलल्या होत्या, हे आहेत तोवर या गाडीत अखंड दिवा ठेवीन. गाडीत तेलाचा दिवा कसा ठेवणार? म्हणून गावात घरांची वायरिंग करणाऱ्या कवडूकडून हे करून घेतलं. नवस सांगायचा नसतो, म्हणून नवऱ्यालाही सांगितलं नाही.

"रोज रातच्याले उठून पाहून येते," त्या म्हणाल्या. "दोनदा दिवा इझला होता, भाऊ. अन् दोन्ही बार यांची तब्येत बिघडली. इझला म्हणूनच."

इथे मी गप्प बसायला हवं होतं. पण माझी जीभ.

"उलटं हाये, काकू. दिव्यानं बॅटरी खाल्ली म्हणून गाडी चालू नाही झाली, अन् गाडी चालू नाही झाली म्हणून..."

पुढचं मी गिळलं, पण त्यांना कळायचं ते कळलं होतं.

"म्हंजे म्याच," त्या म्हणाल्या. त्यांच्या चेहऱ्याकडे मला बघवेना. फार वाईट वाटलं, स्वतःचीच लाज वाटली.

"सेलवाला दिवा लावून देतो," मी घाईघाईने म्हटलं. "बॅटरीशी काही संबंध नाही. नवस चालूच राहीन." बोललो खरा, पण आधी हा बल्ब विझवावा लागणार होता. पक्कड माझ्या हातात होती, आणि हात पुढे होत नव्हता.

नत्थूजी केव्हा उठले कळलं नाही. गाडीला धरत धरत ते दाराशी आले.

"सेलवाला नको," ते म्हणाले. "सेल संपले का काय, याच्यापायी ही रातभर जागीच राहीन. रातच्याले उठे तं मले वाटे, हिले झोप येत नसन."

ते डाव्या सीटवर बसले. तसबिरीला हात जोडले, बराच वेळ डोळे मिटून राहिले. मग वाकून सीटखाली चाचपडले आणि वायर ओढली. बल्ब गेला. शोभाताईंच्या तोंडून एक हुंदका निघाला आणि त्या दाराशीच खाली बसल्या.

"इकडं पाहा, शोभा," नत्थूजी म्हणाले. "म्या इझवला. तू नाही. आता मले काई झालं तं ते माह्या हातचं, तुह्यावर त्याचं काई नाही."

त्यांनी सुजलेला हात तिच्या डोक्यावर ठेवला.

"आज रातभर झोपजो वं."