माप चुकलेली सीट

मित्रांनो, सायकल दुरुस्तीच्या दुकानात खिळ्याला टांगलेली मी एक जुनी सीट आहे. अंगाने सडपातळ, काळी कुळकुळीत, शर्यतीच्या सायकलींसाठी घडवलेली. नवी होते तेव्हा एका मोठ्या दुकानाच्या काचेत मी तोऱ्यात बसे. "काय नाजूक आहे!" असे कोणी म्हणाले की आणखीच शेफारत असे.

एका दादाने मला घेतले ते धाकट्या बहिणीसाठी. ती ग्रंथपाल होती. पन्नाशीत तिने शर्यतीची सायकल घेतली होती. दादाबरोबर दीपगृहापर्यंतची दीडशे किलोमीटरची फेरी पुरी करायचीच, असा तिने पण केला होता. "माझ्या सायकलला अशीच आहे. हिच्यासारखी दुसरी नाही," म्हणत दादाने मला स्वतःच्या हाताने बसवले.

पहिल्याच दिवशी मला कळून चुकले. बाईंची बसायची हाडे माझ्या कडांबाहेर जात होती आणि सारा भार नको तिथे येत होता. त्या सारख्या पॅडलवर उभ्या राहत, ओठ चावत, पुन्हा बसत. दादाला सांगणार कसे? अवघड जागेचे दुखणे, आणि भेटही त्याचीच! तोंड दाबून बुक्क्यांचा मार.

फेरीच्या दिवशी शंभर किलोमीटरपर्यंत त्यांनी तग धरला. मग एका पुलावर उतरल्या आणि कठडा धरून रडू लागल्या.

"तरी मी म्हणत होतो, या वयात तुला झेपायचं नाही," दादा म्हणाला.

"खरंय. माझ्यातच दम नाही."

मित्रांनो, दोष बाईंच्या माथी गेला, आणि मी मनातल्या मनात हुश्श केले!

सायकल विकायची म्हणून बाई या दुकानात आल्या. दुकान चालवणाऱ्या मावशींनी सायकलआधी बाईंच्या चालण्याकडे पाहिले.

"कुठे दुखतं? लाजू नका, मी रोज ऐकते."

बाईंनी हळूच सांगितले. मावशींनी त्यांना खोक्याच्या पुठ्ठ्यावर बसवले, उठवले, आणि उमटलेल्या दोन खळग्यांमधले अंतर मोजले. मग तीच पट्टी माझ्यावर धरली. मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरे, असे झाले.

"अहो, ही तुम्हाला अरुंद पडते. तुम्ही बसत नव्हता, लोंबकळत होता! शंभर किलोमीटर काढलेत, हेच नवल."

मावशींनी मला उतरवले. पहिली बदली सीट गुबगुबीत होती. तासाभरात हाडे तिच्यात रुतली. दुसरी मांड्यांना घासू लागली. तिसरी आखूड, रुंद, दिसायला अगदीच बेंगरूळ. तिच्यावर मात्र बाई गुणगुणत परतल्या.

दादा आला, त्याने सारे ऐकले आणि मान खाली घातली. "मला का नाही सांगितलंस?"

"तू विचारलंस कुठे, दादा?"

पुढच्या वर्षी बाई दीपगृहापर्यंत पोहोचल्या. मी तिथे नव्हते, आणि तेच योग्य झाले.

मित्रांनो, मी वाईट नाही. मी फक्त त्यांच्या मापाची नव्हते. लाज वाटते ती त्या हुश्शची. मला वाचा नव्हती हे खरे. पण असती, तरी त्या पुलावर मी गप्पच राहिले असते. तुम्ही तसे राहू नका. दुखत असेल तर सांगा, आणि कोणी कण्हत असेल तर त्याच्यात दम नाही म्हणण्याआधी विचारा, कुठे दुखतंय?