मकबूलच्या दुकानात आइन्स्टाइन

लातूरच्या एका कॉलेजात नांदेडचे सिद्धलिंग सर बीएस्सीला सापेक्षता शिकवायचे आणि तास संपताना म्हणायचे, "परीक्षेत असंच लिहा. मला पटलेलं नाही." पळणारं घड्याळ सावकाश चालतं म्हणे. पुरावा काय, तर अमेरिकेतल्या लोकांनी विमानातून घड्याळं फिरवली. आपल्या रस्त्यावर कुणी फिरवली? सोबत शिकवणाऱ्या आरती मॅडमनी समजावलं, की बसच्या वेगाला तो फरक दिसायचासुद्धा नाही. सर म्हणाले, मॅडम, तुम्ही आमचा ड्रायव्हर पाहिलेला नाही.

एका रविवारी सकाळी सरांनी नांदेडला मकबूलच्या दुकानात दोन सारखी घड्याळं निवडून काटे जुळवले. एक काउंटरवर राहणार, दुसरं बसनं लातूरला जाऊन परत येणार. आइन्स्टाइन खरा असेल, तर ते मागे पडलेलं असणार.

"माझ्या दुकानातलं मागे पडणार?" मकबूल म्हणाला. "सर, तुम्ही प्रयोग करून राहिलात का माझी बदनामी?"

सरांनी सिद्धांत सांगितला. तो कुणाच्या डोक्यात शिरला नाही. मकबूलचं घड्याळ मागे पडणार, एवढं मात्र शिरलं. उमरीचे अण्णाराव होणाऱ्या जावयासाठी घड्याळ घ्यायला आले होते. हातातलं त्यांनी खाली ठेवलं. "आधी निकाल लागू द्या. जावई लई चिकित्सक हाय."

त्या दिवशी जो आला तो काही न घेता बसून राहिला. मकबूलची बायको वहिदा घरून चहा पाठवून कंटाळली, शेवटी स्वतःच दुकानात आली.

संध्याकाळी सर बसमधून उतरून दुकानात आले ते तहानलेले. घड्याळ काउंटरवर ठेवून त्यांनी बाटली तोंडाला लावली. मकबूलनं घड्याळ उचललं, काच पुसली, चावी ओढली आणि शेजारच्या घड्याळाशी काटे जुळवले. हातात आलेल्या कुठल्याही घड्याळाचं तो हेच करतो. त्याचे वडीलही हेच करायचे. बघणाऱ्यांपैकी कुणालाच त्यात वावगं वाटलं नाही.

सरांनी बाटली ठेवून पाहिलं. सेकंदाचाही फरक नव्हता. त्यांचे डोळे भरून आले.

लातूरला जाऊन आलेलं कोणतं, अण्णारावांनी विचारलं. त्यांना तेच पाहिजे होतं. तो पुरावा आहे, मॅडमना दाखवायचाय, असं सर सांगेपर्यंत पुरावा डबीत जाऊन वर कागदही लागला होता.

आलं तेव्हा किती मागे होतं, वहिदानं नवऱ्याला हळूच विचारलं.

"बघितलंच न्हाई," मकबूल म्हणाला आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला. "लातूरला जाऊन आलेलं दाखवू का साधं?"