बेकरीच्या दारावरची रेघ

नळाने घसा खाकरला. घरात इतकी शांतता होती की झोपलेल्या माझ्या लेकीच्या, जूदच्या, पापण्या हलल्या. हातातलं मसुरीचं ताट तसंच टाकून मी धावले, नळाखाली पातेलं धरलं. फुस्स... फुस्स... मग वाटीभर गढूळ पाणी, आणि त्यानंतर नुसती हवा.

मंगळवार, आमच्या टेकडीचा पाण्याचा वार. गल्लीभर बायका धुण्याचे ढीग काढून बसल्या होत्या.

शेजारच्या गच्चीवरून शाकिरच्या आईने, उम्म शाकिर मावशींनी, हाक मारली. रोज त्याच गच्चीवरून त्या विचारतात, पोरीचा खोकला कसा आहे, पुदिना हवा का. आजचा आवाज निराळा होता.

"उम्म जूद! मोटर बंद कर ती!"

"कसली मोटर, मावशी?"

"आम्हाला काय कळत नाही होय? पाणी वाढलंय, छापून आलंय. मग माझी टाकी का कोरडी? नळाला मोटर लावून कुणीतरी ओढतंय. आणि पाणी कार्यालयात कामाला कोण जातं? मी?"

"कुठे छापून आलंय?"

"बेकरीच्या दारावर. खाली तुझंच नाव आहे. जा, स्वतःचं कौतुक बघून ये."

झोपेतल्या जूदला चपला चढवल्या आणि निघाले. तिचा गरम तळवा माझ्या हातात होता, आणि मला राग कुणाचा येतोय तेच अजून कळत नव्हतं.

कार्यालयात आलेख काढायचं काम माझं. टेकडीला कोणत्या वर्षी आठवड्याला किती तास पाणी मिळालं, याचा आलेख मी नुकताच करून दिला होता. आम्ही अरबीत सगळंच उजवीकडून वाचतो, म्हणून जुनं वर्ष उजव्या टोकाला घेतलं आणि डावीकडे येत येत यंदापर्यंत आले. प्रत्येक ठिपक्याखाली वर्ष लिहिलं. रेघ उजवीकडे वरून निघाली आणि घसरत डावीकडे तळाशी जाऊन पडली. काढताना हात जड झाला होता, पण ती खरी होती.

बेकरीच्या दारावर तीच रेघ होती, आरशात पाहावी तशी. आणि वर्षं पुसलेली. एकही नाही.

जूदला यंदाच शाळेत अक्षरं शिकवायला लागलेत. तिने पाय उंचावून उजव्या टोकाला बोट ठेवलं आणि डावीकडे नेलं. "चढ... चढ... चढ! यम्मा, पाणी टेकडी चढलं!"

ब्रेडच्या रांगेत कुणीतरी हसलं. "पोरगी आईवर गेलीय."

रेघेखाली लिहिलं होतं, पुरवठा समाधानकारक झाल्याने टेकडीचा टँकर पुढच्या आठवड्यापासून बंद. त्याखाली, आलेख: आणि माझं पूर्ण नाव. त्या टँकरवर तर आम्ही सगळे जगतोय. माझ्या कानशिलांत आग पेटली.

कार्यालय टेकडीच्या पायथ्याशी. आमचे साहेब, उस्ताज वाएल, चहात साखर ढवळत होते.

"ये, उम्म जूद! छोटीही आली? बिस्किट खाणार, बेटा?"

"माझा आलेख उलटा कुणी केला?"

"उलटा नाही गं, सरळ केला. सगळ्या जगात काळ डावीकडून उजवीकडे जातो. तू परदेशी पुस्तकांतूनच शिकलीस ना?"

"मग वर्षं का पुसली?"

"गिचमिड वाटत होती. तूच म्हणतेस, आलेख स्वच्छ हवा."

माझाच शब्द त्याने माझ्या तोंडात कोंबला. "स्वच्छ म्हणजे कपडे उतरवणं नव्हे, उस्ताज. टेकडीवरची माणसं उजवीकडून वाचतात. तुम्हीसुद्धा वर्तमानपत्र तसंच वाचता. तुम्हाला माहीत होतं."

त्याने दोन्ही हात पसरले. "एक तरी ठिपका खोटा दाखव. दाखव ना! नाही? मग खोटं कोण बोललं? त्यांचे डोळे?"

"टँकर कुठे चाललाय?"

"खालच्या हॉटेलांना. उन्हाळा आहे, पाहुणे येतात. टेकडीवाल्यांना सवय आहे. बस, चहा घे."

ठिपका खोटा असता तर त्याच्या तोंडावर फेकला असता. पण त्याने खऱ्या ठिपक्यांनाच खोटं बोलायला लावलं होतं, आणि वर सही माझी. त्याहून वाईट म्हणजे, आमच्या बायका आता पाणी शोधायचं सोडून एकमेकींच्या मोटरी शोधत होत्या. वर्षानुवर्षं पुदिना देणारा हात माझ्याकडे बोट दाखवत होता. 'सवय आहे' म्हणे! तहानेची कुणाला सवय होते का?

मी त्याच्या टेबलावरचा जाड काळा मार्कर उचलला.

"हे कशाला?"

"गिचमिड करायला."

परतीच्या चढावर जूद दमली, तिला कडेवर घेतलं. बेकरीपुढे रांग होतीच. मी डाव्या टोकापासून एकेका ठिपक्याखाली वर्ष लिहीत गेले. आकडे वेडेवाकडे आले. मग डाव्या टोकाला एक मोठा बाण काढला आणि लिहिलं, 'इथून वाचा.' माझं नाव खोडलं नाही. उलट, खाली रेघ ओढली.

"उद्या फाडतील गं," बेकरीवाला म्हणाला.

"मी परत काढीन."

उम्म शाकिर मावशी ब्रेड घ्यायला आल्या होत्या. त्यांनी बाणावर बोट ठेवलं आणि वर्षामागून वर्ष ते सरकवत नेलं. यंदाच्या ठिपक्यापाशी बोट थांबलं.

"उतरलंय की गं हे."

"उतरलंय, मावशी."

"आणि मी तुला मोटर लावते म्हणाले." त्यांनी डोक्यावरचा रुमाल घट्ट केला. "तोंड फाटकं माझं."

"मला म्हणालात, चाललं. आता खाली जाऊन म्हणा. तिथे चहा चाललाय."

"साखर घालून?"

"भरपूर."

"चला गं पोरींनो!" मावशी रांगेकडे वळून ओरडल्या. "ब्रेड नंतर घेऊ. कार्यालयात चहाचं बोलावणं आहे!"

दोघीतिघी हसल्या, मग सगळ्याच निघाल्या, रिकाम्या पिशव्या हलवत. मीही निघणार, तेवढ्यात जूदने माझा झगा ओढला. मार्करचं टोपण तिने नीट दाबून लावलं होतं. ती रेघेकडे बघत होती.

"आता बरोबर झाली ना रेघ, यम्मा?"

"हो, माझ्या जिवा. आता बरोबर झाली."

"मग आता पाणी येणार?"