टपालगाडीच्या आधी

मित्रांनो, एका पत्राला नऊ वर्षं उत्तर गेलं नव्हतं, आणि त्या पत्रामुळे माझं आयुष्य पालटलं. पत्र मला आलेलं नव्हतं. मला कोण पत्र लिहिणार? मी आहे एक जुनी मोटरसायकल. माझी टाकी कधीकाळी लाल होती, आता तिला विटकरी म्हणणंच बरं. पत्र आलं होतं ते मला विकत घेणाऱ्या आजोबांना. हे आजोबा दूरच्या देशातून आमच्या देशात फिरायला आले होते. एका छापखान्यात छत्तीस वर्षं मुद्रितं तपासून, म्हणजे दुसऱ्यांच्या चुका सुधारून, ते निवृत्त झाले होते. गोष्ट त्यांची आहे. मी ती सांगायला घेतली खरी, पण मला कितपत जमेल याची खात्री नाही. फटफट करणं वेगळं आणि सांगणं वेगळं.

आधी थोडं माझ्याविषयी. कारखान्यातल्या एका लांब पट्ट्यावरून माझा सांगाडा पुढे सरकत गेला. वाटेत मला कुणी चाकं बसवली, कुणी दिवा दिला. शेवटच्या टोकाला एका कामगाराने किक मारली आणि मी पहिल्याच किकला सुरू झाले. "शहाणी आहे," असं तो म्हणाला. ते शब्द मी अजून विसरलेले नाही. माझं कौतुक फार वेळा झालेलं नाही, त्यामुळे लक्षात ठेवणं सोपं जातं.

माझे पहिले मालक जनावरांचे डॉक्टर होते. अठरा वर्षं मी त्यांना डोंगरातल्या गोठ्यांकडे नेलं. मागच्या बाजूला औषधांची पेटी बांधलेली असे आणि खड्ड्यातून जाताना आतल्या बाटल्या किणकिणत. "आम्ही वेळेवर पोचलो म्हणून वासरू वाचलं," असं डॉक्टर लोकांना सांगत. ते 'मी' म्हणत नसत, 'आम्ही' म्हणत. मग त्यांनी मोटार घेतली आणि मला गवताच्या कोठारात उभं केलं. माझ्यावर पोती चढली. एका कोंबडीने माझ्या सीटवर अंडी घालायला सुरुवात केली. निदान कुणाच्या तरी उपयोगी पडते आहे, असं मी स्वतःला समजावलं. अशी सहा वर्षं गेली. मित्रांनो, गाडी चालून झिजते, पण उभी राहून गंजते.

तिथून मला एका गॅरेजवाल्या बाईने उचललं. ठेंगणी, ठसठशीत, विजारीच्या खिशात नेहमी मूठभर नट. तिने मला पार उघडलं, घासलं, नवी साखळी दिली आणि 'विकणे आहे' अशी पाटी लावून रस्त्याकडे तोंड करून उभं केलं. प्रवासी येत, माझ्याशेजारी उभे राहून फोटो काढत आणि जात.

एके सकाळी एक वाकलेले, चष्मेवाले गृहस्थ माझ्यासमोर थांबले. त्यांनी फोटो काढला नाही. खिशातून वही काढली, तिच्यात पाहिलं, घसा खाकरला आणि गॅरेजवालीला उद्देशून बोलायला लागले. आमची भाषा त्यांनी घरी बसून एका जुन्या पुस्तकावरून शिकली होती. तुमच्या भाषेत सांगायचं तर ते असं काहीसं बोलले :

"हे आदरणीय भगिनी, प्रस्तुत वाहन विक्रयार्थ आहे काय?"

गॅरेजवालीच्या हातातला पाना खाली पडला. "काय म्हणालात? अहो, माझे पणजोबासुद्धा असं बोलत नव्हते!"

आजोबांचे कान लाल झाले. पण ते गेले नाहीत. वहीतलं पुढचं वाक्य शोधून म्हणाले, "मी क्षमा याचितो. तथापि, आहे काय?"

"आहे की. पण माझा एक नियम आहे. साखळी उतरवायची आणि परत चढवायची, माझ्या डोळ्यांसमोर. डोंगरात साखळी निसटली तर मी काही तिथे नसते."

आजोबांनी सदऱ्याच्या बाह्या दुमडल्या. अख्खी सकाळ ते माझ्या मागच्या चाकाशी उकिडवे बसले. प्रत्येक नट काढला की कागदावर ठेवायचे आणि खाली त्याचं नाव लिहायचे, सुवाच्य अक्षरात. एकदा सगळं जोडून झाल्यावर एक वायसर हातात उरला. त्यांनी सगळं पुन्हा उघडलं. मी ऊन खात उभी होते आणि मनात म्हणत होते, बाबा रे, कर एकदाचं. तूच मला घेऊन जाणार आहेस.

तेवढ्यात आजी आल्या. म्हणजे त्यांच्या पत्नी. अंगाने किरकोळ, पण आवाज असा की माझा हॉर्न लाजेल.

"अहो! सहलीची सगळी मंडळी संग्रहालयात, गाइड डोकी मोजून थकला, आणि तुम्ही इथे काळं फासून बसलात? काय चाललंय हे?"

"गाडी घेतोय," आजोबा चाकाकडे बघत म्हणाले.

"गाडी म्हणजे? खेळण्यातली?"

"ही."

आजींनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "तुम्ही घरी स्कूटर चालवता ती वाचनालयापर्यंत. दीड किलोमीटर. तीसुद्धा चढ लागला की उतरून ढकलत नेता. आणि परदेशात मोटरसायकल? परवाना कोण देणार तुम्हाला?"

आजोबांनी खिशातून एक लहानसं करडं पुस्तक काढून दाखवलं. परदेशात गाडी चालवायचा परवाना होता तो. घरूनच काढून आणलेला. त्यासाठी ते दोन महिने दर रविवारी मोकळ्या मैदानात मोठी गाडी चालवायला शिकत होते.

"म्हणजे रविवारचं ते व्याख्यान..."

"व्याख्यान नव्हतं."

आजी जुन्या टायरांच्या चवडीवर मटकन बसल्या. "चाळीस वर्षं संसार केला मी या माणसाबरोबर," त्या गॅरेजवालीला म्हणाल्या. गॅरेजवालीला त्यांच्या भाषेतलं अक्षर कळलं नाही, पण तिने मान अशी डोलावली की जणू तिला सगळं कळलं असावं.

दुपारी आम्ही गाडी नावावर करायच्या कचेरीत गेलो. मी खिडकीखाली उभी होते, म्हणून आतलं सगळं ऐकलं. कारकुनाने अर्ज भरायला घेतला. नाव झालं, वय झालं.

"या देशातला पत्ता?"

आजोबांनी हॉटेलचं नाव सांगितलं.

"हॉटेल चालत नाही. घर लागतं. गाडीचे कागद टपालाने घरी जातात. घरच्यांनी सही करून घ्यायचे."

मग कागद उलगडल्याचा आवाज आला. ते पत्र होतं, आणि त्याच्या पाकिटाच्या पाठीवर या देशातला एक पत्ता होता. दुसरा कुठलाही पत्ता त्यांच्याजवळ नव्हता.

"नातं?" कारकुनाने विचारलं.

"कनिष्ठ भगिनी," आजोबा म्हणाले.

शिक्का बसला. कागद लिफाफ्यात गेले, लिफाफा टपालाच्या पोत्यात पडला. "तीन दिवसांत पोचेल," असं म्हणून कारकुनाने तात्पुरती पावती दिली.

बाहेर आल्यावर आजींनी हात पुढे केला. आजोबांनी मुकाट्याने पत्र त्यांच्या हातावर ठेवलं. माझ्या सीटवर बसून आजींनी ते मोठ्याने वाचलं.

"दादा, तू म्हणाला होतास, तुला तिकडे झेपणार नाही, चार महिन्यांत परत येशील. निरोप द्यायलाही आला नाहीस. मला झेपलं, दादा. आता रागही राहिला नाही. डोंगराचा रस्ता जिथे संपतो तिथे माझं घर आहे, निळ्या फाटकाचं. तू ये. पण बसने नको. लहानपणी मी सायकल चालवायचे आणि तू मागे डोळे मिटून बसायचास. आता तू चालवत ये. उत्तराची वाट बघते."

आजींनी तारीख पाहिली. "नऊ वर्षं! आणि मी समजत होते, वन्संनी आपल्याला टाकलं. कुठे होतं हे?"

"शब्दकोशात."

"तो कोश मी दर महिन्याला पुसते!"

"बाहेरून पुसतेस."

आजींनी डोळे वटारले, पण ओठ हसत होते. मग एकदम गंभीर झाल्या. "उत्तर का नाही लिहिलंत?"

"लिहिली. तीसेक तरी असतील. एकही पाठवण्याजोगं वाटलं नाही. एका खर्ड्यात क्षमा जास्त झाली, एकात कमी. मग उशीर झाला म्हणून त्याचीही क्षमा मागायला हवी, ती कुठल्या परिच्छेदात घालायची ते ठरेना."

"आणि आता तुमच्या नावाचा सरकारी लिफाफा वन्संच्या हातात पडणार. भावाचं अक्षर नाही, सरकारचा शिक्का. त्यांना काय वाटेल हो?"

आजोबांचा चेहरा उतरला. "तो पोचायच्या आत आपण पोचलं पाहिजे."

"आपण नाही. तुम्ही चालवणार, मी मागे बसणार. आणि मी डोळे मिटणार नाही, सांगून ठेवते!"

मित्रांनो, माझ्या टाकीत पेट्रोल असं खळबळलं म्हणून सांगू! वाट दोन दिवसांची होती. त्याच दुपारी निघालो असतो तर पुढची गोष्ट घडलीच नसती. पण आजोबा आजोबाच. त्यांना वाटलं, हातात चांगलं पत्र असल्याशिवाय बहिणीसमोर उभं राहू नये. सहलीची मंडळी पुढे गेली, त्यांना आठ दिवसांनी गाठायचं ठरलं, आणि दुसरा अख्खा दिवस आजोबांनी हॉटेलच्या टेबलाशी खर्डे लिहिण्यात आणि फाडण्यात घालवला. शेवटी संध्याकाळी आजींनी पेनाचं टोपण लावून टाकलं. "आता उद्या पहाटे गाडी नाही निघाली, तर मी एकटी चालवत जाईन."

पहाटे निघालो. पहिल्या चौकात मी तीनदा बंद पडले. तो दोष माझा नव्हता, पण त्यांचाही पुरता नव्हता. क्लच सोडताना माणसाला माझ्याविषयी खात्री लागते. गाव मागे पडलं आणि ती खात्री येत गेली. दुसरा गिअर, तिसरा, चौथा! वळणावर आजोबा अंग झुकवायला शिकले. वारा त्यांच्या चष्म्याखाली शिरत होता आणि हेल्मेटमध्ये ते चक्क गुणगुणत होते. "सूर चुकतोय!" आजी मागून ओरडल्या. "असू दे!" आजोबा ओरडले. चूक असू दे म्हणणारा तो माणूस आजी चाळीस वर्षांत पहिल्यांदाच बघत होत्या. रात्री घाटाखालच्या एका खानावळीत मुक्काम केला.

दुसऱ्या दिवशी, म्हणजे लिफाफा टपालात पडल्यापासून तिसऱ्या दिवशी, घाटाच्या ऐन माथ्यावर माझी साखळी निसटली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. नेमकं आजच? आजोबा मात्र खाली उतरले आणि बाह्या दुमडून कामाला लागले. मागच्या चाकाचे नट सैल केले, साखळी दात्यांवर टेकवली, आजींनी चाक हळूहळू फिरवलं आणि एकेक कडी जागेवर बसत गेली. त्याच वेळी खालून पिवळी टपालगाडी धापा टाकत आली, आम्हाला ओलांडून गेली आणि वळणाआड दिसेनाशी झाली.

"अहो, ती बघा! आपला लिफाफा चालला!"

आजोबांनी शेवटचा नट आवळला. वायसर एकही उरला नव्हता. हात पुसायलाही न थांबता त्यांनी किक मारली आणि मी पहिल्याच किकला सुरू झाले.

मग जी काय पळापळ झाली! टपालगाडी आमच्याहून ताकदीची, पण तिला वाटेतल्या प्रत्येक वस्तीवर थांबावं लागत होतं. ती थांबली की आम्ही जवळ यायचो, ती निघाली की धूळ खायचो. "घ्या पुढे! घ्या!" आजी त्यांच्या पाठीवर थापा मारत होत्या. शेवटच्या वस्तीवर टपालवाला एका म्हातारबुवांशी बोलत थांबला, तेव्हा आम्ही त्याच्या शेजारून सुसाट निघून गेलो. आजींनी त्याला हात करून दाखवला. त्यानेही केला. बिचाऱ्याला काय ठाऊक!

इथे जरा थांबून दोन शब्द सांगते. मित्रांनो, तुमच्या घरी एखादी जुनी गाडी, जुनं शिवणयंत्र, जुना रेडिओ कोपऱ्यात उभा असेल तर त्याला अधूनमधून सुरू करत जा. थोडं तेल घाला, धूळ झटका. पुढे कधीतरी नीट दुरुस्त करू, असं म्हणून ठेवून देऊ नका. आमचं त्या 'नीट'पायीच नुकसान होतं. आम्हाला थोडंफारच लागतं, पण ते आज लागतं.

रस्ता संपला. समोर निळं फाटक होतं, त्याला पत्र्याची टपालपेटी. आत अंगणात कपडे वाळत होते आणि घरातून भांड्यांचा आवाज येत होता. आजोबांनी मला बंद केलं. ते उतरले, फाटकापर्यंत गेले आणि परत आले.

"मी काय बोलू? तू आधी जा."

"मी नाही जाणार. भाऊ तुम्ही आहात."

"आपण गावात खोली घेऊ. उद्या सकाळी..."

दूरवर, खालच्या वळणावर, टपालगाडीचा हॉर्न वाजला.

आजोबांनी वहीचं एक पान फाडलं आणि माझ्या सीटवर ठेवून लिहायला लागले. पेनाचं टोक मला सीटमधून जाणवत होतं, म्हणून मला अक्षर न् अक्षर माहीत आहे. 'प्रिय' लिहून खोडलं. पुढे लिहिलं : 'तुझं पत्र पोचलं. मी चुकलो होतो. चालवत आलोय, फाटकाशी उभा आहे. — दादा.' कागदावर साखळीच्या काळ्या वंगणाचा अख्खा अंगठा उमटला होता. त्यांनी तो पाहिला. दुसरं पान फाडायला हात वहीकडे गेला.

हॉर्न पुन्हा वाजला, आता जवळ.

आजोबांनी वही खिशात घातली, त्या डागासकट कागदाची घडी केली, फाटकाशी जाऊन ती पेटीत टाकली, आणि पत्र्याचं झाकण टण्णकन खाली पडलं.