जगदेवीबाईचा उजवा गुडघा

मी जगदेवीबाईचा उजवा गुडघा बोलतोय. माझा आवाज घरात सगळ्यांच्या ओळखीचा आहे. बाई पाटावरून उठताना जो कुरकुरतो, तो मीच.

जन्मलो तेव्हा लोण्याचा गोळा होतो. रांगण्यात सोलवटलो, सारवण्यात पिकलो आणि डोक्यावर पाटी घेऊन उमरग्याच्या बाजाराला चालण्यात ताठलो. माझा ताठा तेव्हापासूनचा. बाईचा त्याहून जुना.

दर नवरात्रात बाई आंबाबाईची परडी घेऊन पाच घरं जोगवा मागते. ‘परडी चालवावी तर जगदेवीबाईनं,’ असं गाव म्हणतं. चालायचो मी, नाव तिचं.

यंदा मूग आणि वर बसलेली बाई घेऊन ट्रॅक्टर दारात आला. सून सोनाली म्हणाली, “आत्या, थांबा, स्टूल आणते.”

“स्टूल तुझ्या आईला दे,” म्हणत बाईनं ट्रॉलीतून उडी टाकली. खोटं कशाला बोलू, मलाही वाटलं, जमेल. आतून टर्रकन फाटलो.

मग बाईनं दवाखाना सोडून बिब्बा गरम केला आणि मला डाग दिले. दुखणं होतं तिथंच राहिलं, वर फोड आले. आधी निकामी होतो, आता कुरूपही झालो.

शेवटी सोनालीनं उमरग्याला नेलं. डॉक्टर चारुशीला म्हणाल्या, “आतली गादी थोडी फाटलीय. तुमचंच रक्त काढून यंत्रात फिरवू, त्यातला झीज भरणारा भाग सांध्यात सोडू. गुण येईलच असं नाही, पण करून बघू. मात्र हे फोड सुकल्याशिवाय सुई नाही.”

“नवरात्र तोंडावर आलंय, डॉक्टरीणबाई.”

“मग बिब्बा कशाला लावला?”

बाईनं लुगडं ओढून मला झाकलं. असं आमच्याकडं पहिल्यांदाच घडलं. चालता आलं नाही तर परडी सोनालीकडं जाणार होती, आणि बाईच्या मते सोनालीचा गळा म्हणजे शेळीचा.

फोड सुकले. रक्त काढलं, गरगर फिरवलं. नळीत खाली लाल बसलं, वर पिवळसर पाणी आलं. डॉक्टरांनी पिवळं तेवढं ओढून घेतलं.

“आन लाल?” बाईनं विचारलं.

“ते टाकायचं.”

“लोणी टाकून ताक ठिवता व्हय?”

“आजी, लोणी वरच येतं ना?”

बाईनं पाय पुढं केला. मला मात्र काळजी लागली. औषधही तिच्याच रक्ताचं. हट्ट तेवढा गाळला गेला का, कुणी तपासलं नव्हतं.

ठणका हळूहळू उतरला. पहिल्यासारखा झालो म्हणणार नाही, पण नवरात्रात चार घरं बाईला नेलं. पाचवं घर दगडोबांचं, उंच पायऱ्यांचं. डॉक्टरांनी चढायला मनाई केली होती. पहिल्याच पायरीला मी थरथरलो. आता बाई दात खाऊन चढणार, असं धरून चाललो होतो.

बाईनं मागं वळून परडी पुढं केली. “धर. चढ तू.”

“आत्या, मला गाणं...”

“येतंय तेवढं म्हण.”

एवढं वाकणं मला उभ्या जन्मात जमलं नव्हतं.

सोनाली वर गेली. बाई खालच्या पायरीवर टेकली. वरून काहीच ऐकू येईना.

“मोठ्यानं म्हण की गं. गुडघा गेलाय माझा, कान न्हायत गेले.”

गेलाय म्हणे. मी तिथल्या तिथं कुरकुरलो.

मग वरून सूर आला. शेळीचाच होता. पण बाईनं डोळे मिटले आणि माझ्यावर थाप मारून ताल धरला. अजून मारतेय.

तुम्हाला कधी बाई भेटली तर माझा एवढा निरोप द्या. ताल डाव्यावर धरा म्हणावं.