पाच मिनिटांत येतो

धाकट्याचा फोन आला तेव्हा थोरली वसतिगृहाच्या खोलीत, खाटेच्या काठावर बसून बुटांच्या नाड्या बांधत होती. परदेशातल्या पाच महिन्यांच्या सत्राचा चौथा महिना चालू होता. सकाळचे आठ वाजले होते आणि बस चुकायला आली होती. फोन खांद्याने कानाशी दाबून ती म्हणाली, "बोल पटकन."

"ताई, बाबा गेले."

"कुठे?" तिने विचारलं.

आता यात तिचा काय दोष? बाबा म्हणजे पायाला भिंगरी लावलेला माणूस. मिक्सर, इस्त्र्या, पंखे दुरुस्त करायचं त्यांचं दुकान. पण दुकानात बाबा कमी आणि दारावरची पाटीच जास्त भेटायची. 'पाच मिनिटांत येतो.' ती लटकवून बाबा कुणाच्या तरी घरचा पंखा बघायला जात, ते तासाभराने उगवत. कुणाला उशीर होणार असला की घरात म्हणायचे, "बाबांची पाच मिनिटं लागतील." दिवसातून चारदा कुणीतरी "बाबा गेले" म्हणे आणि कुणीतरी "कुठे?" विचारी. उत्तर कुणालाच ठाऊक नसे.

फोनवरून धाकट्याचा हुंदका ऐकू आला, आणि तेव्हा तिच्या डोक्यात प्रकाश पडला.

ती रडली नाही. दुसऱ्या बुटाची नाडी बांधली आणि बस पकडली. ती पोहोचेपर्यंत सगळं उरकलेलंच असतं, म्हणून काकांनी येऊ नकोस सांगितलं. आई म्हणाली, "पुरं करूनच ये. त्यांनी अख्ख्या गल्लीला सांगून ठेवलंय." थोरली "बरं" म्हणाली. त्यानंतर ती सगळ्यालाच बरं म्हणत सुटली.

तीन आठवडे झाले. ती वर्गात जायची, पंपांची गणितं सोडवायची, सामाईक स्वयंपाकघरात भात शिजवायची आणि खायची. भातात मीठ घातलंय की नाही, हे तिला खाऊनही कळत नव्हतं. एकदा शेगडीला बोट टेकलं, तर ते कुणा परक्याचं असल्यासारखी ती त्याच्याकडे बघत राहिली. आतून सगळं बधिर होतं. तिथे तिने कुणालाच काही सांगितलं नव्हतं. बाबा गेले, हे दोन शब्द तिने अजून एकदाही, कुठल्याही भाषेत, तोंडातून काढले नव्हते.

टोचत होतं ते एकच. तो 'कुठे?' घशात माशाचा काटा अडकावा तसा अडकला होता. धाकट्याने आयुष्यातली सगळ्यात अवघड गोष्ट सांगितली आणि आपण काय विचारलं! तो रोज फोन करायचा. आई जेवते का, काकू किती दिवस राहणार, सगळं सांगायचा. छातीत जळजळतंय म्हणून बाबांनी स्वतःच पाटी लावली होती आणि चालत दवाखाना गाठला होता. पाटी अजून तशीच आहे, आई कुणाला हात लावू देत नाही, हेही त्याने सांगितलं. फक्त त्या प्रश्नाबद्दल दोघंही मूग गिळून बसायची.

अशात तिथल्या भाषेची तोंडी परीक्षा आली. तीत नापास झालं की अख्खं सत्र पाण्यात. 'माझं कुटुंब' या विषयावरची दहा वाक्यं तिने कधीच घोकून ठेवली होती. मिक्सर दुरुस्त करणाऱ्याला सुटसुटीत शब्द सापडेना, म्हणून शिकवणाऱ्या बाईंनी सरळ 'विद्युत अभियंता' लिहून दिलं होतं. ते ऐकून बाबा फोनवरून ओरडले होते, "अगं ऐकलंस का, घरबसल्या बढती मिळाली!" मग त्यांनी दहाच्या दहा वाक्यं तिच्याकडून म्हणवून घेतली. यंत्राला कान लावून दोष ओळखणारा माणूस तो. शेवटी म्हणाले, "कळलं काही नाही, पण आवाज बरोबर येतोय. कुठे घासत नाहीये."

परीक्षेच्या खोलीत एक टेबल, दोन खुर्च्या आणि बाई. थोरलीने वाक्यं म्हटली. माझे वडील विद्युत अभियंता आहेत. ते रोज दुकानात जातात. एकही शब्द कुठे घासला नाही. बाईंनी मान डोलावली आणि पाठाबाहेरचं विचारलं, "मग आत्ता या वेळेला तुझे वडील काय करत असतील?"

याचं उत्तर घोकलेलं नव्हतं. ते तिच्या तोंडून आपसूक बाहेर पडलं, मराठीतलं जसंच्या तसं त्या भाषेत उचलून ठेवलेलं.

"वडील गेले."

बाईंनी पेन उचललं. "कुठे?" त्या समजावणीच्या सुरात म्हणाल्या, "नुसतं 'गेले' म्हणून आमच्या भाषेत वाक्य पुरं होत नाही. कुठे गेले ते सांगावं लागतं."

थोरलीने टेबलाकडे पाहिलं. मरण्याचा शब्द तिला येत नव्हता. पुस्तकात तिकीट, औषध, छत्री होतं, तेवढंच नव्हतं. "बाजारात," ती म्हणाली. "सामान आणायला."

"छान! आणि परत कधी येतील? भविष्यकाळात सांग."

"पाच मिनिटांत येतील."

बाई मोकळेपणाने हसल्या. एकही चूक नव्हती. त्यांनी कागदावर पूर्ण गुण मांडले आणि पुढच्या विद्यार्थ्याला आत पाठवायला सांगितलं.

बाहेर जिन्याजवळ येऊन तिने फोन लावला.

"पास झाले."

"अरे वा! आईला देऊ?"

"थांब. ऐक ना. त्या दिवशी तू मला सांगितलंस, आणि मी 'कुठे?' विचारलं."

"हं."

"तुला काय वाटलं असेल रे!"

धाकटा म्हणाला, "ताई, मी दवाखान्यात खाली फॉर्म भरत होतो. आई जिना उतरून आली. म्हणाली, बाबा गेले. मी म्हटलं, कुठे? एक्स-रेला?"

"एक्स-रेला?"

"हो ना! वर म्हटलं, मग तू इथे काय करतेस, जा त्यांच्यासोबत."

थोरलीला हसू फुटलं. तीन आठवड्यांत पहिल्यांदा काहीतरी आतून वर आलं होतं, आणि ते आवरायचं कसं हे तिला आठवेना. तिकडे तोही नाकातून फुसकन हसला.

"बाबा गेले रे," ती म्हणाली.

"हो गं ताई," धाकटा म्हणाला. या वेळी कुठे, असं कुणीच विचारलं नाही.

मग ती तिथेच पायरीवर बसली आणि रडली. येणारेजाणारे वळसा घालून जात राहिले, आणि ती बाबांची पाच मिनिटं रडली.